सिंहगडाचा ओला उतार आणि भाचीच्या रोड बाईकचे ब्रेक पॅड: एका प्रकरणाची सगळी हकिगत

जुलैमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठला भाचीचा फोन आला, आवाज कापत होता. पहाटे सिंहगड चढून गेली होती, उतरताना पाऊस लागला आणि अर्ध्या उतारावरच्या एका वळणाआधी तिने दोन्ही लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत दाबले तरी सायकल पळतच राहिली, शेवटी डोंगराच्या अंगाला जो चर आहे त्यात तिने सायकल घातली तेव्हा थांबली. गुडघा आणि कोपर खरचटलं, बाकी काही नाही. "मामा, ब्रेक लागत होता रे, पण धरत नव्हता," असं म्हणाली. ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना, कारण त्या वळणाच्या दुसऱ्या अंगाला दरी आहे.

पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी त्या ब्रेकवर जे काही केलं ते इथे सविस्तर लिहून ठेवतोय. "रोड बाईकला कुठले पॅड घेऊ" असं कुणी विचारलं की लोक लगेच कंपनीचं नाव सांगून मोकळे होतात, आणि आमच्या बाबतीत कंपनी ठरवायची वेळ सगळ्यात शेवटी आली, त्याआधी बरंच काही बघायला लागलं.

आधी सायकल कशी आहे ते सांगतो. सेकंडहँड घेतलेली, अॅल्युमिनिअमची फ्रेम, आठ स्पीडची क्लॅरिस (शिमानो कंपनीचे साधे गिअर), ७०० बाय २५ चे म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे टायर, रिम म्हणजे चाकाची कडी पण अॅल्युमिनिअमची आणि ब्रेक रिमचे, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना पॅड दाबून थांबवणारे. (डिस्क ब्रेकचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिथे रेझिन की मेटल हा प्रश्न येतो, त्यात मी शिरत नाही.) कॅलिपर, म्हणजे पॅड रिमवर दाबणारे ब्रेकचे हात, ड्युअल पिव्हट प्रकारचे (दोन हात दोन वेगळ्या बिंदूंवर फिरणारे), कंपनीचं नाव नसलेले. पॅड एकसंध प्रकारचे, म्हणजे रबर आणि बोल्ट एकत्रच बसवलेले असतात आणि झिजले की अख्खा तुकडा फेकायचा. महिन्याभरापूर्वीच एका दुकानात सर्व्हिसिंग झालं होतं, तिथे तिला सांगितलं होतं की पॅड अजून अर्धे आहेत, पावसाळा आरामात निघेल. तसं बघितलं तर ते खोटं नव्हतं, पॅडवरच्या झीज दाखवणाऱ्या खाचा खरंच शिल्लक होत्या. पण खाचा शिल्लक असणं आणि पॅडने धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी तिची सायकल उलटी करून बघितली नाही, याचं मला वाईट वाटतं.

संध्याकाळी ती सायकल घेऊन घरी आली. पुढचं चाक काढलं, पॅड काढून पांढऱ्या कागदावर ठेवले आणि टेबल लॅम्प जवळ घेतला. पॅडचा तोंडाचा भाग काळा कुळकुळीत, चकचकीत झाला होता, नखाने दाबलं तर जराही खड्डा पडेना, आणि त्या काळ्यात चंदेरी ठिपके लुकलुकत होते. सुई घेतली आणि एकेक ठिपका उकरून काढला. रव्याच्या कणाएवढे बारीक तुकडे, एकदोन त्याहून मोठे, चपटे आणि कडेला धारदार. एका पॅडमधून अकरा निघाले. भाची म्हणाली, "हे काय, खडी आहे का?" खडी नव्हती, ती तिच्याच रिमची धातू होती.

हे होतं कसं? पावसात रस्त्यावरची वाळू आणि चिखल रिमवर चढतो, पॅड आणि रिमच्या मध्ये सापडतो आणि रिमच्या मऊ अॅल्युमिनिअमला ओरखडे पाडतो, त्यातून सुटलेला कण पॅडमध्ये रुतून बसतो. आता पुढच्या प्रत्येक ब्रेकला रबराच्या बरोबरीने हा कणही रिमवर घासतो, म्हणजे धातूवर धातू, त्यातून आणखी कण सुटतात आणि तेही पॅडमध्येच जाऊन बसतात. पॅड जितकं जुनं आणि कडक तितकं हे जास्त होतं. गेले दोन आठवडे ब्रेक मारताना खरखर आवाज येत होता असं तिने आता सांगितलं. हा आवाज ऐकू आला की त्याच दिवशी पॅड उघडून बघायचे, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही, हे मी मनापासून सांगतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीपासून गडावरच्या पार्किंगपर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता आणि उंचीचा फरक धरा साधारण ६०० मीटर. भाची, सायकल, बाटली, सॅक मिळून ७२ किलो. एवढं वजन ६०० मीटर खाली यायचं म्हणजे सव्वाचारशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवायला लागते, एवढ्यात सव्वा लिटर गार पाण्याला उकळी येईल. काही भाग हवेच्या विरोधात जातो, उरलेलं बहुतेक सगळं चार छोट्या रबराच्या तुकड्यांनी आणि दोन रिमनी खायचं असतं. सतत ब्रेक धरून उतरलं की पॅडचा पृष्ठभाग तापून तकाकी येते, तशी तकाकी आली की पकड गेली. भाची घाबरून पूर्ण उतार ब्रेक अर्धवट दाबूनच उतरायची, ती सवयही बदलायला लागली, वळणाआधी नीट जोरात ब्रेक मारायचा आणि मग सोडायचा.

आणि तिसरं म्हणजे ओली रिम. २५ च्या टायरचं चाक एका फेऱ्यात जवळपास २.१ मीटर पुढे जातं. ताशी ३० चा वेग असेल तर सेकंदाला चार फेरे. रिमवर पाणी असताना पहिले दोन-तीन फेरे पॅड नुसतं पाणी पुसत असतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर पाच-सहा मीटर काहीच होत नाही असं वाटतं. चांगल्या पॅडलाही हे चुकत नाही. कडक झालेलं, तकाकी आलेलं पॅड मात्र पाणी पुसून झाल्यावरही धरत नाही, नुसतं घसरत राहतं, आणि तिच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

पॅड घ्यायच्या आधी रिम बघायची. स्टीलची छोटी पट्टी रिमच्या बाजूवर आडवी, म्हणजे टायरकडून स्पोककडे अशी धरली आणि मागे मोबाइलचा टॉर्च लावला. पुढच्या रिमला पट्टी जवळजवळ सपाट बसली आणि झीज दाखवणारा बारीक खड्डा, जो बऱ्याच रिमवर कंपनीनेच पाडलेला असतो, तो स्पष्ट दिसत होता. मागच्या रिमला मात्र पट्टीखालून उजेडाची रेघ आली, म्हणजे रिम मधून खोल झाली होती, आणि झिजेचा खड्डा इतका उथळ झाला होता की बोट फिरवून शोधायला लागला. हा खड्डा पूर्ण नाहीसा झाला की रिम बाद, मग पॅड कितीही महागाचं असो. टायरमध्ये ९० पीएसआय हवा आतून रिमच्या भिंतीला बाहेर ढकलत असते, भिंत पातळ झाली की एक दिवस ती उघडते, आणि उतारावर उघडली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. आम्ही ठरवलं की मागची रिम दर पंधरा दिवसांनी पट्टी लावून बघायची आणि ती बदलेपर्यंत गडाचा उतार बंद, सपाटीवरच चालवायची.

केबल पण तपासली, ते बरं झालं. कॅलिपरपासून केबल सोडवून हाताने मागेपुढे ओढली तर पुढची सुळकन सरकली, मागची अडत होती, करकर आवाज करत होती. आऊटरमध्ये म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत पाणी जाऊन आतली तार, म्हणजे इनर, गंजली होती. म्हणजे मागचा ब्रेक "धरत नव्हता" त्यात पॅडचा वाटा निम्माच, तिच्या बोटांचा जोर केबलमध्येच मरत होता. मागचं इनर-आऊटर दोन्ही बदललं. नुसते नवीन पॅड टाकून बसलो असतो तर पॅड खराब निघाले असंच वाटलं असतं.

आता खरेदी. इथे आमच्याकडून दोन चुका झाल्या. पहिली चूक तिची. दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या दुकानातून दीडशे रुपयांची जोडी घेऊन आली, मऊ, काळे, दिसायला छान, पण ते व्ही-ब्रेकचे (डोंगरी आणि साध्या सायकलींना असतात त्या लांब हातांच्या ब्रेकचे) लांब पॅड होते, ७० मिलिमीटरचे. रोड कॅलिपरचं पॅड ५०-५५ मिलिमीटरचं असतं. बोल्ट बसला, म्हणून तिला वाटलं चालेल, पण पुढच्या बाजूला पॅडचं मागचं टोक फोर्कला टेकत होतं आणि वॉशरची जाडी वेगळी असल्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड रिमला चिकटूनच राहत होतं. बोल्ट बसला म्हणजे पॅड बसलं असं नाही.

दुसरी चूक होता होता राहिली. तिच्या ग्रुपमधल्या एका मुलाने न वापरलेले भारीतले पॅड देऊ केले, फुकट. ते कार्बन रिमचे निघाले. कार्बन रिमला उष्णता सहन होत नाही म्हणून त्यांच्या पॅडचं मिश्रण वेगळं असतं, अॅल्युमिनिअमवर ते नीट धरत नाहीत आणि भराभर झिजतात. उलटं तर आणखी वाईट, अॅल्युमिनिअमवर वापरलेलं पॅड कार्बन रिमला कधीच लावायचं नाही, त्यात रुतलेले धातूचे कण कार्बन खरवडून काढतील. आभार मानून परत केले.

मग नीट बसून विचार केला. एकसंध पॅड परत घ्यायचे की होल्डरवाले? होल्डरवाल्यात अॅल्युमिनिअमचा छोटा साचा असतो, त्यात रबराची पट्टी सरकवून बसवायची आणि बारीक स्क्रूने पक्की करायची, पुढच्या वेळी फक्त रबर बदलायचं. मला यातला पैशाचा फायदा कमी महत्त्वाचा वाटतो. मोठा फायदा हा की साचा कडक असल्यामुळे ब्रेक दाबताना पॅड वाकत नाही, लिव्हर ठाम लागतो, आणि रबर बदलताना पॅडचा कोन परत लावत बसायला लागत नाही. पावसाळ्यात पट्टी काढून कण उकरून परत बसवणंही सोपं जातं. आकार बघून घ्यायचा एवढंच, शिमानोच्या आकाराचे होल्डर आणि कॅम्पॅग्नोलोच्या आकाराचे वेगळे असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना शिमानोच्याच आकाराचे लागतात.

रबर कुठलं यावर तीन नावं समोर होती. शिमानोचं आर५५सी४, जे शिमानोच्या १०५ आणि त्यावरच्या ग्रुपसेटच्या (गिअर-ब्रेकच्या संचाच्या) रिम ब्रेकला येत आलंय, पुण्यात सहज मिळतं, कोरड्यात मस्त, ओल्यात ठीक. स्विसस्टॉपचं निळं बीएक्सपी, ते अॅल्युमिनिअम रिमसाठीच बनवलेलं आहे, पण तिच्या बजेटबाहेर. आणि कूल-स्टॉपचं सॅमन, म्हणजे विटकरी-गुलाबी रंगाचं, जे मुळात ओल्यासाठी काढलेलं मिश्रण आहे आणि रिमचे कण कमी उचलतं म्हणून प्रसिद्ध आहे. पावसात चालवत नसती तर मी डोळे झाकून शिमानो घ्यायला लावलं असतं. पण ही मुलगी जून ते सप्टेंबर रोज कॉलेजला सायकलने जाते, तिचा अपघात पावसात झाला आणि दुखणं कण रुतण्याचं होतं, म्हणून सॅमन. बाहेरून मागवलं, यायला बारा दिवस लागले.

पुढच्या चाकाला होल्डर आणि सॅमन, मागच्याला साधं पण योग्य लांबीचं नवीन एकसंध काळं पॅड. पैसे कमी असतील तर पुढे खर्च करा असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि थांबवायचं जास्तीत जास्त काम तेच करतं, मागचं चाक लगेच हलकं होऊन घसरायला लागतं. शिवाय मागची रिम जायच्याच वाटेवर होती.

बसवताना एक गोष्ट जिवाशी येऊ शकते म्हणून ती नीट सांगतो. होल्डरचं एक टोक उघडं असतं, जिथून रबर सरकवतात, आणि एक बंद. बंद टोक पुढे आलं पाहिजे, उघडं मागे. कॅलिपर जिथे असतो तिथे रिम पुढच्या दिशेने धावत असते, ती रबराला पुढे ओढते, पुढे बंद भिंत असली की रबर तिथे टेकून राहतं. उलटं बसवलं तर सगळा भार त्या एका बारीक स्क्रूवर येतो आणि तो ढिला असला तर जोराच्या ब्रेकला रबर साच्यातून बाहेर उडून जातं. होल्डरवर डावं-उजवं लिहिलेलं असतं, बाण असतो. भाचीने पहिल्यांदा एक बाजू उलटी बसवली होती, ती तिनेच परत काढून सुलटी केली, मी हात लावला नाही.

उंची अशी लावली की पॅडची वरची कड टायरपासून मिलिमीटरभर खाली राहील आणि खालची कड रिमच्या बाहेर लोंबणार नाही. टायरला घासलं तर ट्यूबसकट टायर कापला जातो. मग पॅडच्या मागच्या टोकाखाली एसटीच्या जुन्या तिकिटाची घडी ठेवली, लिव्हर दाबून धरला, पॅड रिमला नीट टेकलं की चार नंबरच्या अॅलन कीने बोल्ट आवळला, ५ ते ७ न्यूटन मीटर. तिकीट काढल्यावर पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित आधी टेकतं. ब्रेकच्या जोरात कॅलिपरचे हात जरासे पिळले जातात आणि पॅड तेव्हा सपाट बसतं, त्यामुळे चीं चीं आवाज येत नाही. आवळताना पॅड बोल्टबरोबर फिरू पाहतं, ते बोटांनी घट्ट धरून ठेवायचं, यातच अर्धा तास गेला. त्याआधी दोन्ही रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, चार फडकी काळी झाली. चाकाची थोडी आऊट (फिरताना डावी-उजवीकडे डुलणं) होती तीही काढून घेतली.

नवीन पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण धरत नाही. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ पर्यंत जायचं आणि ब्रेक मारून चालण्याच्या वेगावर यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं पंधरा वेळा केलं. मग मोजमाप. रस्त्यावर खडूची रेघ मारली, रेघेवर ब्रेक, दोन्ही ब्रेक एकत्र, थांबली की टेपने अंतर. जुन्या पॅडवर (केबल बदलल्यानंतर, म्हणजे तुलना पॅडचीच राहील) आम्ही आधीच मोजून ठेवलं होतं, कोरड्यात साडेसहा मीटर, बाटलीने रिम भिजवून तेरा. नवीन पॅडवर कोरड्यात सहाच्या जरा आत, ओल्यात साडेआठ. प्रत्येकी तीन वेळा मोजून मधला आकडा घेतला. एका सायकलचे, एका मुलीचे हे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण कोरड्यात फरक जेमतेम आणि ओल्यात साडेचार मीटरचा, हे बघून मला कळलं की दुकानात कोरड्या फरशीवर सायकल ढकलून ब्रेक दाबून बघणं किती फसवं आहे. ते पॅड तिथे चांगलंच वाटलं असणार.

ऑगस्टमध्ये तिला ओल्या रविवारी नाही, एका उघडिपीच्या बुधवारी खडकवासल्यापर्यंत सोबत घेऊन गेलो, परतताना सर आलीच. पुढे धावणाऱ्या रिक्षाने अचानक थांबून वळण घेतलं, भाची रिक्षाच्या मागे व्यवस्थित थांबली, एक पाय टेकवला आणि काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पुढचे पॅड उघडले. विटकरी रबरात कण होते, दोन, चारही खाचा स्पष्ट, तकाकी नाही. मागच्या काळ्या पॅडमध्ये सहा सापडले. आणि मागच्या रिमवरचा तो झिजेचा खड्डा बोटाला लागेना. पट्टी लावली तर उजेडाची रेघ जुलैपेक्षा जाड. दसऱ्याच्या आधी ती रिम उतरवली, हब चांगला होता म्हणून तोच ठेवून नवीन रिम आणि स्पोक विणून घेतले, त्याचा खर्च सगळ्या पॅडच्या मिळून चौपट आला. नव्या रिमला जुने काळे पॅड लावायचे नाहीत म्हणून ते काढून टाकले आणि मागेही होल्डर आला, त्यात मात्र आता कोरडे महिने आहेत म्हणून शिमानोचं रबर आहे. सॅमनची जादा जोडी तिने डब्यात घालून त्यावर "जून" असं लिहून ठेवलंय. गडाचा उतार अजून केलेला नाही, डिसेंबरमध्ये दोघं मिळून जाणार आहोत, मी पुढे आणि ती मागे.